तिसरा दगड

माझी बायको नुई मे महिन्यात वारली. तिच्याबरोबर आणखी काय गेलं ते मला सप्टेंबरच्या एकोणीस तारखेला कळलं. सकाळी नवाचा सुमार होता, मी देवळाच्या अंगणात होतो आणि गावचा मुखिया गेन्रोकु समोर उभा होता.

देवळाच्या मंडपाची जमीन नव्याने घालायची होती. हिनोकीच्या लाकडाच्या अठरा फळ्या, एकेक दोन माणसांएवढी लांब, दोन वर्षं सावलीत वाळवलेल्या. ऑक्टोबरच्या पंधराला उत्सव. त्या दिवशी सगळं गाव अनवाणी मंडपात बसतं, म्हणून इथल्या फळीला रोगण नाही, तेल नाही. रंध्याचं पातं फिरलं की काम संपलं. ते पातं चांगलं फिरलं तर फळीवर पाणी थांबत नाही आणि म्हाताऱ्या माणसांच्या पायात सल जात नाही. हे काम माझ्याकडे होतं. माझ्या आधी ते माझ्या वस्तादांकडे होतं.

पहिली फळी घोडीवर ठेवली, पाय रोवले आणि रंधा अंगाकडे ओढला. नीट लावलेला रंधा ओढला की फळीच्या रुंदीचा पापुद्रा निघतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न तुटता. माझ्या रंध्यातून निघाली दोन बोटं रुंदीची चिंधी. मला वाटलं पातं वाकडं बसलंय. हातोडीने ठोकून सरळ केलं, परत ओढला. पुन्हा चिंधी. पाच-सहा वेळा ओढल्यावर गेन्रोकु पुढे आला आणि त्याने फळीवरून आडवा तळवा फिरवला.

गेन्रोकु आणि मी एका वयाचे, एकसष्ट. लहानपणी एकाच झाडावरून पडलेलो. तो उगाच बोलणारा माणूस नाही. त्याने दुसऱ्यांदा तळवा फिरवला आणि म्हणाला, "कुमा, ही फळी आहे का नांगरलेलं रान?"

मी रंधा उलटा केला. पातं काढून उजेडात धरलं. धार सरळ नव्हती, नखासारखी गोल झाली होती. पात्याला धार मीच लावली होती, आदल्या संध्याकाळी, माझ्याच दगडावर. बादलीतून दगड काढला आणि त्यावर लोखंडी पट्टी उभी धरली. पट्टीखालून पलीकडचं सगळं अंगण दिसत होतं. दगड मधे इतका खचला होता की ज्वारीचा दाणा पट्टीखालून घरंगळत गेला असता.

गेन्रोकुनेही वाकून पाहिलं. पाहू नये असं मला वाटत होतं, कारण गेली तीस वर्षं मी ह्या गावात आणि आजूबाजूच्या चार गावांत एक गोष्ट सांगत आलो होतो. धारेचा दगड खचतो तो माणसाच्या हाताच्या दोषामुळे, ज्याचा हात समतोल आहे त्याच्या दगडाला खड्डा पडत नाही, माझ्या पडत नाही. घराचं आढं चढवलं की साके, म्हणजे तांदळाची दारू, फिरते, आणि साके फिरली की मी हे सांगायचो. नव्या सुतारांना माझे दगड दाखवायचो. ते हात लावून पाहायचे आणि माना डोलवायचे.

गेन्रोकु म्हणाला, तालुक्याच्या गावी लाकडाच्या वखारीत यंत्राचा रंधा आलाय. अठरा फळ्या एका दिवसात होतात म्हणे. वखारवाल्याचा ट्रक गुरुवारी वरच्या गावाला येणार आहे, रिकामाच परत जाईल. मी म्हटलं, यंत्राने लाकूड चावल्यासारखं होतं. तो म्हणाला, "चावलेलं चालेल, नांगरलेलं नाही." मग त्यालाच वाईट वाटलं असावं. जाता जाता म्हणाला की गुरुवारी सकाळपर्यंत तो ट्रकवाल्याला काही सांगणार नाही.

तो दिवस सोमवार होता.

घरी आलो तेव्हा सून, सुमिए, ओट्यावर मुळा चिरत होती. मुलगा धरणाच्या कामावर असतो, महिन्यातून एकदा येतो. घरात आम्ही दोघंच. तिला मी बऱ्याच चढ्या आवाजात विचारलं की माझ्या दगडावर सुरी कोण घासतं. मधेच घासून घासून खड्डा केलाय, बायकांना दगडाची सगळी लांबी वापरायची अक्कल नसते, वगैरे. तिने सुरी खाली ठेवली. ही पोर दोन वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या गावातून आलेली. कमी बोलते, पण बोलते तेव्हा बाकी काही राहत नाही.

"तुमच्या दगडाला कुणी हात लावलेला नाही, बाबा," ती म्हणाली. "आई गेल्या तेव्हापासून कुणीच नाही. म्हणून तर तो असा झालाय."

मला समजलं नाही.

मग तिने सांगितलं. नुई दर चार-पाच दिवसांनी माझे दगड खाली धुण्याच्या घाटावर न्यायची. बादलीच्या तळाशी दगड, वर कपडे. घासून सपाट करून आणायची आणि दुपारच्या आत परत पाण्यात जिथल्या तिथे ठेवायची. लग्न होऊन आल्यापासून सुमिएने हेच पाहिलं होतं. एकदा तिने सासूला विचारलं होतं की मामंजींना सांगत का नाही. नुई हसली होती म्हणे. म्हणाली होती, सांगतोय लोकांना तर सांगू दे की, चांगला दिसतो सांगताना.

मी पायरीवर बसलो. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी महिन्यातून दोनदा दगड सपाट करायचो ते मला आठवत होतं. हात भरून यायचे आणि मी शिव्या द्यायचो. मग एका वर्षी माझ्या ध्यानात आलं की दगड हल्ली खचत नाहीत. मी त्याचं श्रेय हाताला दिलं. चौतीस वर्षांत दुसरं काही सुचलं नाही.

सुमिएने थोड्या वेळाने वाटीभर मिसोचं सार आणून ठेवलं. मुळ्याचे तुकडे एकमेकांना धरून होते, माळेसारखे. सुरीची धारही गेली होती.

नुई घाटावर दगड कसे घासायची, मी विचारलं. सुमिएला ठाऊक नव्हतं. धुणं मोठ्या बायकांच्या वेळेला असायचं, तेव्हा ही घरी स्वयंपाकात. तिने सुचवलं की घाटावर जाऊन बायकांना विचारावं. मी म्हटलं, चाळीस वर्षं रंधा ओढलेल्या सुतारावर दगड कसा घासायचा ते बायकांना विचारायची वेळ आलेली नाही.

ती म्हणाली, "बरं."

शिकाऊ असताना वस्तादांकडे ओतीव लोखंडाची पाटी होती. तिच्यावर वाळू आणि पाणी टाकून आम्ही दगड घासायचो. ती पाटी वस्तादांच्या मुलाबरोबर नागोयाला गेली. मला काहीतरी सपाट हवं होतं, एवढंच. सोमवारची दुपार मी घराच्या मागच्या पायरीवर घालवली. पायरी पायाला सपाट लागते, पण गुडघ्यावर बसून पट्टी लावली तर तिच्यात शंभर वर्षांची माणसं चढली-उतरलेली दिसतात. दगडाला नव्याच जागी खोलगा पडला.

मंगळवारी सकाळी नव्या पुलावर गेलो. पुलाचा कठडा सिमेंटचा, गेल्याच वर्षी झालेला, दिसायला आरशासारखा. घासायला लागलो तोच वादळ आलं. आमच्याकडे सप्टेंबरात वादळ येतं, त्यात नवल नाही, पण ह्या वेळी ते भात कापायला चार दिवस उरले असताना आलं. मी डोक्यावर पोतं घेऊन दुपारपर्यंत घासत राहिलो. येणारे-जाणारे विचारत होते की पुलाला धार लावताय का. कठड्याला गवंड्याच्या थापीच्या लाटा होत्या. त्या लाटा मी इमानदारीने माझ्या दगडावर उतरवल्या.

वारा गेला तेव्हा खाली शेतं दिसली. भात सगळं आडवं झालेलं, भिजलेल्या केसांसारखं एका बाजूला. पाण्यात पडलेल्या लोंबीला तीन-चार दिवसांत कोंब फुटतात. उद्यापासून सगळं गाव विळा घेऊन कंबरभर चिखलात जाणार, हे उघड होतं.

त्या संध्याकाळी मला एक युक्ती सुचली आणि मी स्वतःवर खूश झालो. माझ्याकडे जाड कणांचा दगड होता आणि मध्यम कणांचा, मधला दगड होता. दोन्ही एकमेकांवरच घासले तर एक दुसऱ्याला सपाट करील. जाड खाली ठेवला, मधला वर घेतला, पाणी शिंपडलं आणि लागलो. पहिल्यांदा खरखर वाजत होतं, मग आवाज मऊ झाला, मग वरचा दगड खालच्याला चिकटायला लागला. उचलायला गेलो तर दोन्ही एकदम वर यायचे. मधे केस जाईना. मी सुमिएला बोलावून दाखवलं. तिने दोन्ही दगड उचलून पाहिले आणि छान चिकटतात म्हणाली.

बुधवारी पहाटे त्या मधल्या दगडावर पातं घासलं आणि देवळात गेलो. रंधा ओढला. पुन्हा चिंधी, आता दीड बोट रुंदीची. मग मी पट्टी काढली, जी आदल्या संध्याकाळीच काढायला हवी होती. वरच्या दगडाचा खड्डा होता तसाच होता. खालच्याला त्या खड्ड्याच्या मापाचं पोट आलं होतं. दोघं एकमेकांत असे बसत होते जशी वाटी आणि वाटीतला भात.

अंगणात कुणी नव्हतं, हे बरं झालं. मी फळीवर बसून डबा उघडला आणि सकाळी साडेसातला दुपारचा भाताचा गोळा खाऊन टाकला. मग दगड बादलीत घातले आणि घाटावर गेलो.

घाट म्हणजे काय तर डोंगरातून आलेल्या झऱ्याला दगडाची तीन टाकी, एकाखाली एक. वरचं प्यायचं, मधलं भाजी-तांदळाचं, खालचं कपड्याचं. एकातलं पाणी दुसऱ्यात उतरतं. गावात चालता येऊ लागलेलं मूलही हे जाणतं. मीही जाणतो. पण मी घाटावर वीस वर्षांत गेलो नव्हतो, पुरुष तिथे जात नाहीत, आणि दोन बायका आपल्याकडे पाहतायत हे दिसल्यावर मला लवकरात लवकर हातात काम हवं होतं. मी पहिल्या टाक्यापाशी वाकलो आणि दोन्ही दगड त्यात बुडवले.

करडा गाळ ढगासारखा पसरला आणि मधल्या टाक्यात उतरला. तिथे कुणाचे तरी तांदूळ भिजत होते.

"मिस्त्री," मागून आवाज आला, "आता आमच्या चहालाही धार लावणार का?"

ती तोरा होती. पन्नाशीची, नवरा लढाईतून आला नाही, एकटीने अडीच बिघे कसते. खांदे माझ्यापेक्षा रुंद. तिच्या बाजूला तोफूवाली कानो, जिच्या घरचा तोफू आम्ही सगळे खातो. वाळलेली, बारीक, सदा डोळे मिचकावणारी. भिजणारे तांदूळ तिचेच होते.

मी दगड काढले. मग मला बसून वरचं टाकं उपसावं लागलं, सगळं, लाकडी भांड्याने. पाणी स्वच्छ होईपर्यंत दोघी माझ्याकडे पाहत उभ्या होत्या. मग कानो म्हणाली की तांदळाचं राहू दे, दळून घेईन, दगड खाल्ल्याने कुणी मेलेलं नाही. आणि नुई असती तर बादली कुठे ठेवायची ते तिने सांगितलं असतं, असंही म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. ती रडवेली झाली होती. मीही झालो असतो, पण तोराने नाक शिंकरलं आणि खालच्या टाक्याकडे बोट केलं.

तिथे कट्ट्यावर आणखी दोन दगड होते.

मी येण्याआधी त्या दोघी भांडत होत्या, हे मला हळूहळू कळलं. तोराचा विळा दोन महिने कापत नव्हता, पेंढा ओढून उपटत होता. आणि आता भात आडवं. कानोची सुरी टोकाला कापायची आणि मधे तोफू चिरडायची. गिऱ्हाईक नवऱ्याला बोलायचं, नवरा तिला बोलायचा. दोघींचे दगड बिघडले होते आणि प्रत्येकीला वाटत होतं की दुसरी घासताना लबाडी करते. तोरा म्हणत होती कानो जोर लावत नाही. कानो म्हणत होती तोरा रेडा हाकल्यासारखी घासते.

मी माझी पट्टी काढली आणि तोराच्या दगडावर धरली. खड्डा. कानोच्या दगडावर धरली. पोट. मग माझे दोन दगड बादलीतून काढून त्यांच्या शेजारी ठेवले आणि त्यांच्यावर पट्टी धरली.

तोराने चारही दगडांकडे पाहिलं. "हात समतोल असला म्हणजे खड्डा पडत नाही म्हणे," ती म्हणाली.

कानोने तोंडाला पदर लावावा तसा कामाचा पंचा लावला. तिचे खांदे हलत होते. म्हणजे हेही घाटावर सगळ्यांना ठाऊक होतं. तीस वर्षं मी आढ्यावर बसून सांगत होतो आणि खाली घाटावर बायका कपडे आपटत हसत होत्या, आणि नुई त्यांच्यात बसून माझा दगड घासत होती. मी म्हटलं, हसा. त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं नाही.

हसणं आवरल्यावर मी विचारलं की नुई नक्की काय करायची.

दोघी एकदम सांगायला लागल्या आणि दोघींचं जुळेना. एवढं नक्की झालं की त्या तिघी बसायच्या. नुईकडे माझा मधला दगड, कानोकडे तोफूघरातला, तोराकडे नवऱ्याचा. तिघी आळीपाळीने घासायच्या. कुणाचा कुणावर आणि किती वेळ ते नुई सांगायची, ह्या फक्त घासायच्या आणि गप्पा मारायच्या. नुई गेल्यावर त्यांना वाटलं दोघींचं दोघीत भागेल.

"पण ती एक गोष्ट नेहमी म्हणायची," तोरा म्हणाली. "दोघांचं जमलं तर त्यात काय, दोघं मिळून चुकू शकतात. तिसऱ्याशी जमलं पाहिजे."

मला तेव्हा आठवलं की नुई पाथरवटाची मुलगी. तिच्या माहेरी दळायची जाती घडवायचे. लग्नात तिच्या बापाने मला हे सांगितलं होतं आणि मी मान डोलावून साके प्यालो होतो. पुढे मी तिला कधी विचारलं नाही की जात्याची तळी सपाट करायला तुझ्या बापाला वस्तादांसारखी लोखंडाची पाटी कुठून मिळायची. त्याला पाटी लागतच नव्हती. त्याच्याकडे तीन दगड होते.

कानो डोळे मिचकावत माझ्या मधल्या दगडाची कड चाचपत होती. तिथे एक खाच आहे. मी ती दुकानदाराची खूण समजत आलो. तिने आपल्या दगडाची कड दाखवली. दोन खाचा. तोराच्या दगडाला तीन. मग कानोला सगळं आठवलं. एक दोनावर, दोन तिनावर, तीन एकावर. वरचा पुढच्या वेळी खाली. शंभर ओढी झाल्या की बदल.

आम्ही बसलो. तोराला शेतावर जायचं होतं, तिचं भात पाण्यात होतं. पण ती म्हणाली, ह्या विळ्याने कापायचं तर दातांनी कापलेलं बरं, आणि बाह्या वर केल्या. खालच्या टाक्याच्या काठावर ओल्या गोणपाटाच्या घड्या ठेवल्या. मी आणि कानोने पहिली पाळी घेतली. एक दोनावर. पहिल्या शंभरीला आवाज नुसता कडांचा येत होता. मधे पोकळ होतं, हाताला कळत होतं. गाळ आधी तांबूस, मग करडा. कानोचा हात बारीक पण थांबत नाही. ती दर ओढीबरोबर काही ना काही सांगत होती, कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या कोंबड्या कुणाकडे अंडी घालतात. मी सांगितलं की मोजण्यात चूक होईल. ती म्हणाली, नुई कोंबड्यांवरच मोजायची.

दुसरी पाळी कानो आणि तोरा. तिसरी तोरा आणि मी. तोराबरोबर घासताना दर ओढीला मी गोणपाटासकट पुढे सरकत होतो. ती म्हणाली, मिस्त्री, रंधा ओढणारे तुम्ही ना, मग जरा बूड रोवा. तिसऱ्या फेरीला माझी बोटं सोलली. चौथ्या फेरीला गुडघे ओळखीचे राहिले नाहीत. धुणं घेऊन आणखी बायका आल्या. त्यांनी मला पाहिलं, मग एकमेकींना पाहिलं, आणि आल्या तशा बसल्या. एकीने भोपळ्याच्या उकडलेल्या फोडी काढल्या. मला दोन मिळाल्या. एक कुणाच्या तरी बाळाने माझ्याकडून काढून घेतली.

दहाच्या सुमाराला आवाज बदलला. आता खरखर कडांची नव्हती, सगळ्या अंगाची होती, एकसारखी. एक दोनावर चिकटला. दोन तिनावर चिकटला. मी तीन एकावर ठेवला, फिरवला आणि उचलला. दोन्ही एकदम वर आले. पट्टी धरली आणि उजेडाकडे तोंड केलं. पट्टीखाली काहीच दिसेना.

तोराने माझ्या हातातून पट्टी घेऊन स्वतः पाहिलं. मग कानोने पाहिलं. तिला नीट दिसत नाही, पण तिने वेळ घेऊन पाहिलं.

तोराने तिथेच विळा घासला, अंगठ्याने धार चाचपली आणि शेताकडे निघाली. बांधावरून तिने पहिली मूठ कापलेली आम्हाला ऐकू आली. दोन महिन्यांत तिने तसा आवाज ऐकला नसावा. ती तिथूनच माझ्याकडे वळून ओरडली, "रविवारी सकाळी. उशीर केलात तर तुमच्या दारात येऊन हाका मारीन. आणि वरच्या टाक्याला हात लावायचा नाही."

मी हो म्हटलं.

त्या दुपारी सपाट झालेल्या मधल्या दगडावर मी शेवटच्या धारेचा बारीक दगड सपाट केला, आणि त्या दोन्हींवर पातं लावायला बसलो. गोल झालेलं पातं सरळ करायचं म्हणजे बरंच पोलाद घालवावं लागतं. दिवस मावळेपर्यंत ते चाललं. सुमिएने सुरी आणून बाजूला ठेवली, मागितलं काही नाही. तीही लावली. रात्री मुळ्याचे तुकडे सुटे सुटे होते.

गुरुवारी सकाळी ट्रक देवळाच्या पायथ्याशी उभाच होता. वखारवाल्याचा माणूस दोर सोडत होता, गेन्रोकु पायऱ्यांवर बसून त्याच्याशी बोलत होता. मी दोघांना नमस्कार करून वर गेलो. नांगरलेली पहिली फळी घोडीवर तशीच होती. दोन-तीन ओढींत उंचवटे गेले. मग पातं केसभर आत घेतलं, मागच्या टोकाला गेलो, श्वास घेतला आणि ओढला. सुर्र असा एकच आवाज सुरू झाला आणि मी मागे मागे चालत राहिलो. पापुद्रा रंध्यातून वर येत होता, फळीच्या रुंदीचा, आणि माझ्या खांद्यावरून मागे पडत होता. टोकाशी पोचलो तेव्हा तो माझ्या गळ्यात होता.

ट्रकवाला दोर हातात घेऊन वर आला होता. त्याने पापुद्र्याचं टोक धरून फुंकर मारली. तो बराच वेळ खाली आला नाही.

गेन्रोकुने फळीला हात लावला नाही. खाली बसून मोजे काढले, आधी एक, मग दुसरा, घोडीवरून फळी उतरवायला लावली आणि तिच्यावर अनवाणी उभा राहिला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, सावकाश. त्याच्या टाचा फाटलेल्या आहेत, त्यांना सगळं लागतं. परत आला. पुन्हा गेला.

"सोमवारी काय झालं होतं तुला?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. सगळं, बादलीच्या तळापासून कोंबड्यांपर्यंत. ट्रकवाला ऐकत होता, त्याचंही मला काही वाटलं नाही. गेन्रोकु हसेल असं मला वाटलं होतं. तो मोजे हातात घेऊन फळीवर तसाच उभा राहिला. मग म्हणाला की त्याच्या बायकोने हे त्याला केव्हाच सांगितलं होतं. गावात मला एकट्यालाच ठाऊक नव्हतं.

"मग बोलला का नाहीस?"

"चांगला दिसायचास सांगताना," तो म्हणाला. "आता ह्या ट्रकवाल्याला काय सांगू?"

मी म्हटलं, सांग जेवून जा. तो खरंच जेवून गेला. सुमिएने तिघांचं वाढलं, कानोकडचा तोफू होता, चौकोन कोपऱ्यासकट शाबूत. जाताना ट्रकवाल्याने पापुद्रा मागून घेतला आणि घडी करून टोपीत ठेवला.

त्याला आता तेरा दिवस झाले. तोराचं भात निम्मं वाचलं, निम्म्याला कोंब फुटले, ते कोंबड्यांना गेलं. दर चार दिवसांनी मी घाटावर जातो. बादलीवर कपडे झाकत नाही. माझ्या हाताखाली दगड खचतो, इतर कुणाच्याही हाताखाली खचावा तसाच. घरी आल्यावर नुईच्या फोटोसमोर भाताची वाटी ठेवतो आणि घाटावरचं जे काही ऐकलं असेल ते तिला सांगतो. तिला पूर्वी ते आधीच ठाऊक असायचं.

उत्सवाला दहा दिवस आहेत. अकरा फळ्या बसवून झाल्या. बायका बसतात ती डावी बाजू मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण दर फेरीला दगड आधीपेक्षा बरा होतोय, आणि त्या बाजूला तोरा आणि कानो बसतील. नुईची जागा दुसऱ्या खांबापाशी असायची. त्या बाजूच्या सात फळ्या अजून व्हायच्या आहेत.